गाडी नावं ठेवते

२ फेब्रुवारी, सोमवार

आजपासून डायरी. उद्या दुकान मोठं झालं की लोक विचारतील, सुरुवात कशी केलीत? तेव्हा डोकं खाजवत बसायला नको.

अठ्ठावीस वर्षं मी गाड्यांना टेप बसवतोय. आधी कॅसेट, मग सीडी, मग पेनड्राइव्ह. इंजिन चालू असताना मागच्या डाव्या स्पीकरची तार सैल आहे हे या कानांनी ओळखलेलं आहे. आणि आता गिऱ्हाईक येतं ते आवाजाचं नाव काढत नाही. विचारतं काय, तर फोन जोडता येतो का? अरे बाबा, फोनच जोडायचाय तर घरी बसून जोड की, गाडी कशाला घेतलीस?

पण ऐकतो कोण. जागेचा करार ३१ मार्चला संपतोय. मालक म्हणतो, पुढची तीन वर्षं हवी असतील तर आत्ता बोला. गेले आठ महिने दुकानात माश्या मारतोय, बोलू काय कपाळ? मेहुण्याचं टायरचं दुकान आहे. काल तो घरी येऊन म्हणाला, "भावोजी, काही काळजी करू नका. बंद पडलं तर माझ्या काउंटरवर बसा." चहा प्यायला दोन कप. हा पोरगा आमच्या लग्नात सायकलवरून पडला म्हणून रडत होता, आणि तो मला टायर विकायला बसवणार.

तेव्हा ठरलं. जुन्या गाड्यांना फोन जोडणाऱ्या स्क्रीन बसवायच्या. गाडी जुनी, रेडिओ जुना, पण मधोमध नवीन स्क्रीन, आणि फोनमधला नकाशा, गाणी, फोन सगळं त्यावर. हिला सांगितलं. ही म्हणाली, "मी पण येते दुकानात. एवढं नवीन काम, एकट्याला जमायचं नाही." मी म्हटलं ये, गल्ल्यावर बस, फोन घे. तेवढंच मलाही मोकळं होईल.

५ फेब्रुवारी, गुरुवार

कंपनीचा माणूस शिकवायला आला होता. सकाळी दहा ते एक. चांगला होता, पण बोलतो फार. मी पहिल्या अर्ध्या तासात सगळं समजून घेतलं आणि नंतर डोळे मिटून ऐकलं. ही मात्र शाळकरी मुलीसारखी वही घेऊन बसली. त्याने एक जाडजूड पुस्तिका दिली, ती हिने पर्समध्ये टाकली.

संध्याकाळी मला म्हणते, "अहो, गाडी गिऱ्हाइकाला देताना शेवटी आपला फोन त्यातून काढायचा असतो. पान एकोणीस."

मी म्हटलं, "पुस्तक वाचून आजवर कुणी गाडीला टेप बसवलेला नाही."

गप्प बसली. बायको गप्प बसली की आपलं बरोबर असतं, हा माझा अनुभव आहे.

९ फेब्रुवारी, सोमवार

पहिली स्क्रीन बसवली! दाताच्या डॉक्टरची गाडी. डॅशबोर्ड उघडला, जुना टेप काढला, तारा सोडवल्या, नवीन जोड दिले, फ्यूज बदलला. सव्वादोन तास. हे काम हातांचं आहे, त्यात मला कुणी शिकवू नये.

नंतर तपासायला माझाच फोन जोडला. ही स्क्रीन म्हणजे एक चौकस म्हातारी आहे. सारखी काहीतरी विचारते. फोन जोडू का? हो. आवाज चालू करू का? हो. हे उतरवू का, ते साठवू का? हो बाई, हो, हो. शेवटी मी वाचणंच सोडलं, नुसतं हिरव्या बटणावर बोट ठेवत गेलो. चाळीस सेकंदांत काम फत्ते. कंपनीच्या माणसाला यालाच दहा मिनिटं लागली होती.

आणि फोन आला की गाडी नाव वाचून दाखवते! आपल्या भाषेत लिहिलेलं असलं तरी. बाईचा आवाज आहे. मी स्पीकर असे लावलेत की एक अक्षर गाळत नाही.

डॉक्टरने पैसे देताना अर्धा तास घासाघीस केली. त्याचा नंबर मी 'चिकट' म्हणून ठेवला. माझी पद्धतच आहे. फोनमध्ये नावाने नंबर ठेवण्यात अर्थ नाही, एकाच नावाचे पाच-पाच निघतात. स्वभावाने ठेवायचे. वाजला की उचलायचा का नाही ते लगेच कळतं. दर महिन्याला स्पीकरची तक्रार घेऊन येणाऱ्या शाळेच्या बाई म्हणजे 'रडूबाई'. उद्या नक्की येतो म्हणून दोन वर्षं न आलेला ठेकेदार 'थापाड्या'. मेहुणा 'फुकटचंद'. एका नजरेत सगळं समजतं.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

आठ दिवसांत सहा गाड्या. रडूबाईंचीही केली, मेहुण्याचीही, थापाड्याही आला एकदाचा. ही गल्ल्यावरून उठून गिऱ्हाइकाच्या शेजारी जाऊन बसते आणि त्यांचा फोन कसा जोडायचा ते दाखवते. तासभर लावते. मी म्हटलं, एवढं काय शिकवायचं? म्हणाली, त्यांना गाडी चालवताना डोकं खाली घालावं लागायला नको. बरं आहे, तिचाही वेळ जातो.

आज ती पुन्हा पान एकोणीसचं म्हणाली. मी म्हटलं, गिऱ्हाइकाचा फोन जोडला की माझा आपोआप जातो. जात असणारच. एका गाडीत दोन मालक कसे राहतील?

२१ फेब्रुवारी, शनिवार

डॉक्टर आला होता. चेहरा जरा विचित्र. म्हणाला, "काम चांगलं झालंय तुमचं. पण एक आहे, गाडी नावं ठेवते."

मी म्हटलं, "कशाला?"

"कशाला म्हणजे, माणसांना. काल शाळेच्या बाईंचा फोन आला, माझी बायको शेजारी होती. गाडीने सरळ नावं ठेवली हो!"

मला हसूच आलं. काही लोकांना नवीन यंत्राशी बोलता येत नाही, मग ते यंत्रालाच माणूस करून टाकतात. मी दार उघडलं, गाणं लावून ऐकलं. वरचे सूर थोडे चिरके येत होते. म्हणजे आवाज रडका येत होता. तेच त्याला नावं ठेवल्यासारखं वाटलं असणार. मी आवाज भारी केला आणि म्हटलं, "आता एकेक शब्द स्पष्ट ऐकू येईल."

डॉक्टर माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "येऊ दे, येऊ दे," आणि निघून गेला. जाताना पायरीवर एकटाच हसत होता. दात काढून काढून माणसाचं असं होत असावं.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

धक्कादायक प्रकार. ही माझी डायरी वाचते!

कसं कळलं? शाळेच्या बाई आल्या आणि गल्ल्यावर हिला म्हणाल्या, "मालकांना सांगा, रडूबाई आली आहे." मी आत गाडीखाली होतो, ऐकलं. ते नाव फक्त माझ्या फोनमध्ये आणि या वहीत आहे. फोन माझ्या खिशात. मग उरली वही. हिने वाचलं आणि बाईंना सांगितलं, दुसरं काय?

संध्याकाळी वर तोंड करून मलाच विचारते, "रडूबाई कोण हो?" वा! किती साळसूदपणा! आता ही वही जुन्या स्पीकरच्या रिकाम्या खोक्यात ठेवणार.

३ मार्च, मंगळवार

आज दुकानाचं नशीब चालून आलं. ड्रायव्हिंग स्कूलच्या बाई! बावीस गाड्या आहेत त्यांच्या. प्रत्येक गाडीत स्क्रीन हवी, म्हणजे शिकवणाऱ्याला रस्ता दिसेल आणि फोन हातात घ्यावा लागणार नाही. आधी एक गाडी करून दाखवायची, पसंत पडली तर बावीसही आपल्याकडे. बावीस गाड्या म्हणजे करार पुढे चालू, दुकान चालू, आणि मेहुण्याने आपलं काउंटर आपल्याकडेच ठेवावं.

बाई मात्र कडक. दारात येऊन पहिलं वाक्य, "फरशीवर तेल आहे, कोणी पडेल." दुसरं वाक्य, "मालक कोण?" मी पुढे झालो, तरी बोलत राहिल्या हिच्याशीच. बाईचं बाईशी जुळतं, ठीक आहे. नंबर घेतला आणि 'हंटर' म्हणून ठेवला. फोन वाजला की कंबर ताठ झाली पाहिजे.

रात्री जेवताना ही म्हणाली, "हे काम मिळालंच पाहिजे हो. मला भावाच्या दुकानात तुम्हाला बसलेलं बघायचं नाहीये." एवढं बोलून भात वाढला. मला एकदम भरून आलं, पण मी दाखवलं नाही.

१० मार्च, मंगळवार

लिहू का नको, असं झालंय. पण लिहितो.

सकाळी बाईंच्या गाडीत स्क्रीन बसवली. माझ्या हातून याहून सुबक काम झालेलं नाही. बारीकशी फट नाही. माझा फोन जोडला, हो-हो-हो केलं, तपासलं, पुसून चकचकीत केलं. अकराला बाई आल्या. त्या चालवायच्या जागी, मी शेजारी, ही मागे. हिने बाईंचा फोन जोडून दिला. नकाशा आला. गाणं लागलं. बाई म्हणाल्या, "आवाज छान आहे." मी मनातल्या मनात बावीस मोजले.

मग म्हणाल्या, "फोन आला तर काय होतं ते दाखवा."

ही मागून म्हणाली, "मी लावते ना," आणि आपल्या फोनवरून बाईंचा नंबर लावला.

स्क्रीन उजळली. गाडीतली बाई अगदी गोड आवाजात म्हणाली, "कटकट यांचा फोन आला आहे."

मला वाटलं, मला भास झाला. चार स्पीकर. मीच लावलेले. पुन्हा, "कटकट यांचा फोन आला आहे." एक अक्षर गाळलं नाही.

बाई म्हणाल्या, "कटकट कोण?"

मागे हिच्या फोनमधून रिंग जात होती, पुढे गाडी नाव सांगत होती. कापावा ना फोन! पण ही कापेना. गाडीने पाचव्यांदा सांगितल्यावर शांतपणे म्हणाली, "उचला ना बाई. मीच आहे."

पुढचं थोडक्यात लिहितो. बाईंनी स्क्रीनवर बोट फिरवलं. माझ्या फोनमधली सगळी यादी तिथे ओळीने उभी. चिकट, थापाड्या, फुकटचंद, रडूबाई. बाई मोठ्याने वाचत गेल्या, शाळेत हजेरी घ्यावी तशा. एकदा हसल्यासुद्धा. मग 'ह' आला. 'हंटर'. खाली त्यांचाच नंबर. हसणं थांबलं.

त्या मागे वळल्या आणि हिला विचारलं, "तुमचं हे नाव किती वर्षं आहे?"

ही म्हणाली, "फोन आल्यापासून असेल. आधी लिहून ठेवायची सोय नव्हती."

बाई गाडी घेऊन गेल्या. "कळवते," म्हणाल्या.

११ मार्च, बुधवार

हिने मला फक्त एकदा समजावून सांगितलं, तेही भिंतीकडे बघत. "तुम्ही तपासायला तुमचा फोन जोडता. स्क्रीन विचारते, नंबरांची यादी उतरवून घेऊ का. तुम्ही हो म्हणता. ती यादी गाडीतच राहते, कुणाचाही फोन जोडला तरी. ती काढायला दोन बटणं लागतात. पान एकोणीस."

मी म्हटलं, "अगं, ते नाव सहज ठेवलं होतं. गमतीने. सगळेच ठेवतात."

उत्तर नाही. आणि मी ज्याला इतकी वर्षं बरोबर असण्याची खूण समजत होतो, ती ही शांतता. आज तिच्यात बसवेना.

आणखी एक. डायरी हिने वाचलेली नव्हती. शाळेच्या बाईंना ते नाव त्यांच्याच गाडीतल्या यादीने सांगितलं असणार.

१४ मार्च, शनिवार

तीन दिवस गाड्यांच्या मागे फिरतोय. एकूण अकरा गाड्या, अकरा ठिकाणी जाऊन माझी यादी काढायची. काम दोन बटणांचं, तोंड दाखवायला मात्र जीव जातो.

डॉक्टर म्हणाला, "काढताय? अहो, मुलांना फार आवडते ती. सहलीला निघालो की वाचायला घेतात. मी सांगायला आलो होतो ना, गाडी नावं ठेवते म्हणून? तुम्ही आवाज वाढवून दिलात." मग यादी काढेपर्यंत शेजारी उभा राहून म्हणाला, "चिकट तेवढं राहू द्या, आता सवय झाली आहे." चेष्टा होती. तरी मान वर करता आली नाही.

ठेकेदार खूश. त्याने सगळ्यांची नावं पाठ केली होती आणि चारचौघांत सांगून हसत होता. मला डोळा मारून विचारतो, "एक मात्र कळलं नाही बुवा, हा थापाड्या कोण?" मी म्हटलं, "आहे एक." नंबर बघायचं त्याच्या ध्यानात आलं नव्हतं, मीही आणून दिलं नाही.

शाळेच्या बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "माझा एकच स्पीकर तीनदा बंद पडला. तीनदा तुम्हीच दुरुस्त केला. मी तक्रार केली तर रडूबाई. आणि नीट न करणाऱ्याला काय म्हणायचं? त्याचंही नाव असेल ना तुमच्याकडे?" मी स्पीकर उघडून बघितला. जोड माझाच होता, कच्चा. या कानांना तीन वेळा ऐकू आला नव्हता. नवीन लावून दिला, पैसे घेतले नाहीत.

मेहुण्याची गाडी मुद्दाम शेवटी ठेवली. त्याला काही कळलेलं नव्हतं. चहा दिला त्याने. म्हणाला, "काउंटरची खुर्ची नवीन आणली भावोजी, तुमच्या कमरेला बरी." मी चहा संपवून उठलो. पोरगं वाईट नाही, हे लिहायला हवं.

१८ मार्च, बुधवार

ड्रायव्हिंग स्कूलच्या बाईंचा दुकानावर फोन आला. मी उचलला. म्हणाल्या, "बाईंना द्या."

पंधरा मिनिटं बोलणं. ही नुसतं "हं, हं" करत होती. मी हातात पक्कड घेऊन उभा, कुठला बोल्ट पिळायचा तेही आठवेना. फोन ठेवून ही म्हणाली, "काम चांगलं आहे म्हणाल्या. बावीस गाड्या देतील. पण गाडी तपासून मी ताब्यात द्यायची, सही माझी, आणि बोलणं माझ्याशी. तुम्ही हातांचं काम करायचं. तुमचा फोन गाडीच्या जवळ आणायचा नाही."

"मग तू काय म्हणालीस?"

"विचार करून सांगते म्हणाले."

विचार! तेरा दिवस उरलेत करार संपायला! मी ओरडणारच होतो. मग ती म्हणाली, "मला घरी बसूनही चालतं. तुम्हाला भावाकडे नोकरी आहेच. मी हे का करू, ते मला कळू दे आधी."

मी हातातली पक्कड खाली ठेवली, परत उचलली. अठ्ठावीस वर्षं गिऱ्हाइकांना मी बोलून गार केलं आहे.

२० मार्च, शुक्रवार

हिने होकार कळवला. मी परवानगी दिली, असं लिहिलं होतं, ते खोडतोय. मला कोणी विचारलं नव्हतं. जागेच्या मालकाकडे जाऊन करारावर सही तिने केली, मी पेन दिलं. परत येताना मी म्हटलं, "चुकलं माझं." रस्त्यात, सिग्नलला. ती म्हणाली, "हिरवा झालाय, चला."

२६ मार्च, गुरुवार

नऊ गाड्या झाल्या. मी आत वायरिंग करतो, ती बाहेर तपासते. स्क्रीन विचारते ते प्रत्येक वाक्य पूर्ण वाचते, मगच हो किंवा नाही. दर तीन प्रश्नांत एक तरी नाही असतो. मला वाटायचं, यंत्राला नाही म्हटलं की ते बंद पडतं.

दुपारी काम नव्हतं. मी फोन घेऊन बसलो आणि सगळी नावं बदलली. डॉक्टर, शाळेच्या बाई, ठेकेदार. मग हिचं. खरं नाव लिहिलं, पूर्ण. लग्नपत्रिकेनंतर मी ते नाव लिहिल्याचं आठवत नाही. घरात "अगं" आणि दुकानात "ऐकलंस का", एवढ्यावर संसार झाला. वेलांटी पहिली का दुसरी, यावर थांबलो, आणि माझी मलाच लाज वाटली.

लिहून झाल्यावर तिला दाखवावं असं वाटलं. सरळ कसं दाखवणार, म्हणून तिच्या फोनवर रिंग दिली. फोन गल्ल्यावरच होता, तिच्या पुढ्यात. मी वाकून पाहिलं. नाव नव्हतंच. नुसता नंबर.

मी म्हटलं, "माझं नाव घातलेलं नाहीस फोनमध्ये?"

ती पावती लिहीत होती. "होतं. त्या दिवशी काढलं."

"मग फोन कोणाचा आहे ते कळतं कसं?"

"नंबर पाठ आहे ना. त्याला काय करणार?"

बाहेर दहावी गाडी येऊन लागली. ती पावती फाडून उठली. मी विचारलं, "काय नावाने होतो?"

चष्मा काढून तिने पदराला पुसला, परत लावला.

"चांगलं होतं," म्हणाली, आणि गाडीकडे गेली.